श्रीलंकेची दिवाळखोरी : न्यायालयाने दोष निश्चित केला, मग पुढे काय?

सह्यकडा यांचा प्रश्न :

१४ नोव्हेंबर २०२३ रोजी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने दिलेल्या एका निकालाची आपल्याकडे फारशी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. देशाची अर्थव्यवस्था बुडण्यास माजी राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे, त्यांचे बंधू महिंदा आणि बेसिल, मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर आणि काही वरिष्ठ अधिकारी जबाबदार आहेत, त्यांनी जनतेच्या विश्वासाचा भंग केला आणि त्यातून नागरिकांच्या मूलभूत हक्कांचे उल्लंघन झाले, असे न्यायालयाने स्पष्ट शब्दांत म्हटले. लाचखोरी किंवा अपहार हा या प्रकरणाचा विषय नव्हता. कारभार वाईट केला, वेळेवर जे करायला हवे होते ते केले नाही आणि जे करू नये ते केले, एवढाच आरोप होता आणि तो मान्य झाला. शिक्षा म्हणाल तर अर्जदारांना दाव्याच्या खर्चापोटी दीड लाख श्रीलंकन रुपये द्यावेत, इतकीच. अर्जदारांनी नुकसानभरपाई मागितलेली नव्हती, हे खरे. तरीही ज्या देशात सप्टेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर सत्तर टक्क्यांच्या घरात आणि अन्नधान्याच्या महागाईचा दर पंचाण्णव टक्क्यांजवळ गेला होता, तिथे ही रक्कम वाचून मी थबकलो.

हा विषय डोक्यात येण्याचे कारण असे, की नुकताच मी कोलंबो ते गॉल असा प्रवास केला आणि वाटेत आमच्या गाडीचालकाशी बोलणे झाले. २०२२ च्या उन्हाळ्यात तो पेट्रोलसाठी दोन रात्री गाडीतच झोपला होता. ९ जुलैला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरलेल्या गर्दीतही तो होता. तिथला पोहण्याचा तलाव साऱ्या जगाने पाहिला, पण त्याच्या लक्षात राहिले होते ते त्या घरातले अखंड चालू असलेले दिवे, कारण त्याच्या स्वतःच्या घरी तेव्हा रोज कित्येक तास वीज नसे. निकालाविषयी विचारल्यावर तो नुसता हसला आणि त्याने विषय पत्नीच्या भविष्य निर्वाह निधीकडे वळवला.

माझा प्रश्न असा : लोकांचा संताप रस्त्यावर उतरला, राष्ट्राध्यक्ष १३ जुलैच्या पहाटे मालदीवला पळाले, पुढे न्यायालयानेही दोष निश्चित केला. एवढे सगळे होऊनही वाईट कारभाराची किंमत नेमकी कोणी मोजली? आणि राज्यकर्त्यांना अशा चुका करता येऊ नयेत अशी काही व्यवस्था तिथे उभी राहिली का? जाणकारांनी लिहावे.

ताळेबंद :

विषय उत्तम निवडला आहे. न्यायालयाने ज्या गोष्टींवर बोट ठेवले त्या समजून घेतल्याशिवाय दोष कोणाचा हे कळणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया निवडून आले आणि १ डिसेंबरपासून मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्यांची वार्षिक उलाढाल १ कोटी २० लाखांहून अधिक आहे त्यांना या कराची नोंदणी करावी लागे, ती मर्यादा एकदम ३० कोटींवर नेण्यात आली. पगारातून कापला जाणारा प्राप्तिकर बंद झाला आणि राष्ट्रउभारणी कर रद्द झाला. परिणामी सरकारचा करमहसूल राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण साडेअकरा टक्क्यांवरून वर्षभरात आठ टक्क्यांच्या आसपास घसरला. याच काळात करोनाने पर्यटन आटले. २०१८ मध्ये पर्यटनातून ४.४ अब्ज डॉलर आले होते. २०२१ मध्ये ते जेमतेम अर्धा अब्ज आले. (त्यापूर्वी एप्रिल २०१९ मधल्या ईस्टरच्या बाँबस्फोटांनी पर्यटनाला तडा गेलेलाच होता.) करोना कोणाच्या हातात नव्हता, पण करकपात पूर्णपणे हातात होती आणि पतमानांकन संस्था देशाचा दर्जा खाली आणत असतानाही ती मागे घेतली गेली नाही.

महसूल नाही, तर खर्च चालला कसा? मध्यवर्ती बँकेने सरकारी रोखे विकत घेऊन पैसा छापला. हे इतके सहज का होऊ शकले, ते पाहण्यासारखे आहे. १९४९ च्या कायद्यानुसार अर्थखात्याचा सचिव हा बँकेच्या चलनविषयक मंडळाचा पदसिद्ध सदस्य असे, म्हणजे पैसे मागणारा आणि देणारा एकाच टेबलाशी बसत. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये अजित निवार्ड काब्राल गव्हर्नर झाले आणि डॉलरचा भाव २०३ रुपयांच्या आसपास धरून ठेवण्यात आला. बाजारातला भाव त्याहून बराच चढा होता. आखातात काम करणाऱ्या माणसाने बँकेमार्फत पैसे पाठवले की तोटा आणि हुंडीवाल्याकडून, ज्याला तिकडे उंडियल म्हणतात, पाठवले की फायदा, अशी स्थिती झाल्यावर जे व्हायचे तेच झाले. २०२० मध्ये बँकांमार्फत ७.१ अब्ज डॉलर घरी आले होते, २०२१ मध्ये साडेपाच अब्जच आले. रुपयाचा भाव कागदावर राखण्याच्या नादात घरात येणारे खरे डॉलर दाराबाहेरूनच परतले.

मला सर्वांत अनाकलनीय वाटते ती १८ जानेवारी २०२२ ची परतफेड. २०१९ च्या अखेरीस ७.६ अब्ज डॉलर असलेली परकीय गंगाजळी तोवर तळाला गेली होती, औषधे आणि इंधन आणायला डॉलर नव्हते, तरी आंतरराष्ट्रीय रोख्यांचे ५० कोटी डॉलर चुकते करण्यात आले. कर्ज बुडवले नाही ही प्रतिष्ठा तीन महिने टिकली. १२ एप्रिलला सरकारने विदेशी कर्जाची परतफेड थांबवत असल्याचे जाहीर केले, आणि तोवर प्रत्यक्ष वापरता येईल अशी गंगाजळी पाच कोटी डॉलरही उरली नव्हती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे वर्षभर आधी जाऊन कर्जाची पुनर्रचना केली असती तर हाल झाले नसते असे नाही, पण इतके झाले नसते. न्यायालयाचा रोखही मुख्यतः या निर्णयांवर आणि नाणेनिधीकडे जाण्यात केलेल्या दिरंगाईवर होता.

शिवारकर :

ताळेबंद यांनी खतबंदीचा उल्लेख केला नाही, कदाचित ती खटल्याच्या केंद्रस्थानी नसल्यामुळे. परंतु शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर वाईट नेतृत्व म्हणजे काय याचे इतके शुद्ध उदाहरण दुसरे मिळणार नाही. मी स्वतः तीस वर्षे शेती करतो आणि त्यातला काही भाग सेंद्रिय पद्धतीने करतो, म्हणून सेंद्रिय शेतीच्या द्वेषातून हे लिहीत नाही, एवढे आधी नोंदवतो.

गोटाबाया यांच्या जाहीरनाम्यात दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे वळण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात एप्रिल २०२१ च्या अखेरीस रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्या आयातीवर बंदीचा आदेश निघाला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ती लागू झाली. दहा वर्षांचे काम दहा दिवसांत. आता साधा हिशेब करा. एखाद्या पिकाला हेक्टरी शंभर किलो नत्र द्यायचे असेल तर युरिया लागतो सुमारे २१७ किलो, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या पाच गोण्यांहून थोडा कमी. तेवढेच नत्र शेणखतातून द्यायचे, तर अर्धा टक्का नत्र धरून वीस टन शेणखत लागेल, म्हणजे सहा-सात ट्रॉल्या, आणि त्यातलाही मोठा भाग पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. साऱ्या देशाच्या भातशेतीला आणि चहाच्या मळ्यांना पुरेल इतके शेणखत आणायचे कुठून, हा प्रश्न आदेशावर सही करणाऱ्याला पडला नसेल तर त्याने आयुष्यात उकिरडा पाहिलेला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

बंदीमागचे खरे कारण डॉलर वाचवणे हे होते, जमिनीचे आरोग्य हे वरचे वेष्टन होते, असे माझे मत आहे. वाचले मात्र काहीच नाही. सेंद्रिय खत म्हणून चीनहून वीस हजार टन माल घेऊन जहाज निघाले, त्यात घातक जिवाणू आढळल्याने तो माल नाकारला गेला, त्यावरून चिनी वकिलातीने श्रीलंकेच्या सरकारी बँकेला काळ्या यादीत टाकले आणि शेवटी माल न घेताच जवळपास ७० लाख डॉलर मोजावे लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये बंदी उठली, पण तोवर 'महा' हंगामाची, म्हणजे तिथल्या मुख्य भातहंगामाची, लावणी सुरू झालेली होती. ते पीक आदल्या वर्षीच्या मानाने सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. तांदळात जवळजवळ स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तांदूळ आयात करावा लागला आणि शेतकऱ्यांना ४० अब्ज रुपयांची भरपाई जाहीर करावी लागली, तीही छापलेल्या पैशांतून.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. तिथल्या कृषितज्ज्ञांनी याविरुद्ध इशारे दिले होते. मात्र निर्णय घेणाऱ्यांच्या भोवती जी मंडळी होती त्यांना तज्ज्ञांचे ऐकण्याची गरज वाटत नव्हती. थोरले बंधू महिंदा पंतप्रधान, आणखी एक बंधू चमल पाटबंधारे मंत्री, पुतण्या नमल क्रीडामंत्री आणि जुलै २०२१ पासून बेसिल अर्थमंत्री. दुहेरी नागरिकत्वामुळे बेसिल संसदेत येऊ शकत नव्हते, तो अडसर ऑक्टोबर २०२० च्या विसाव्या घटनादुरुस्तीने दूर केला होता. घरच्या पंगतीत वाढपीही घरचेच असले म्हणजे खारट झाले आहे हे सांगणार कोण?

कांदेनवमी :

मी नाशिक जिल्ह्यातून कांदा निर्यात करणाऱ्या एका छोट्या व्यवसायात आहे. कोलंबो हे आमचे जुने गिऱ्हाईक. न्हावाशेवाहून माल थोड्या दिवसांत पोहोचतो आणि तिकडे आपल्या कांद्याला कायम मागणी असते. २०२२ च्या सुरुवातीला काय झाले ते आमच्या अनुभवातून सांगतो.

मार्चमध्ये कोलंबो बंदरात अन्नधान्याचे दीड हजारांच्या आसपास कंटेनर अडकून पडल्याच्या बातम्या होत्या. त्यांत आमचे दोन होते. आमचा आयातदार सज्जन माणूस, रुपये घेऊन बँकेच्या दारात उभा, पण बँकेकडे डॉलर नाहीत आणि डॉलरशिवाय कागदपत्रे सुटत नाहीत. बंदरात माल पडून राहिला की डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढत जातो, आणि कांदा काही लोखंड नव्हे. कंटेनर सुटला तेव्हा निम्म्या गोण्यांना कोंब आले होते. शेवटी बिलात मोठी सूट देऊन प्रकरण मिटवले. त्याच्यावर चिडावे असे मला कधी वाटले नाही, कारण ७ मार्चला रुपया मोकळा सोडल्यावर दोन महिन्यांत डॉलर २०३ चा ३६० झाला आणि त्याचे भांडवलच जवळपास अर्ध्यावर आले.

पुढे जुलैमध्ये श्रीलंकेशी होणाऱ्या व्यापाराचे पैसे आशियाई समाशोधन व्यवस्थेच्या, म्हणजे काही आशियाई देशांच्या मध्यवर्ती बँका आपसांतली देणी-घेणी जिथे मिटवतात तिच्या, बाहेर चुकते करावेत, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. भारत सरकारने त्या वर्षी दिलेली सुमारे चार अब्ज डॉलरची मदत, त्यातली अन्न आणि औषधांसाठीची एक अब्जाची पतमर्यादा, यांमुळे व्यवहार हळूहळू सुरू झाले. किंमत कोणी मोजली असे सह्यकडा विचारतात. त्या यादीत आमच्यासारख्यांचे नाव फार खाली आहे, पण आहे.

विरंगुळा :

वरचे सर्व प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी माझा काहीसा वेगळा सूर नोंदवतो. सगळे पाप एका कुटुंबाच्या माथी मारले की जनता निर्दोष ठरते, आणि ते मला पटत नाही. करकपात ही गोटाबाया यांची लपवलेली योजना नव्हती. ते निवडणुकीतले आश्वासन होते. त्यावर त्यांना बावन्न टक्क्यांहून अधिक मते मिळाली. कर कमी झाल्यावर उद्योगजगतातून टाळ्याच पडल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये याच लोकांनी त्यांच्या पक्षाला २२५ पैकी १४५ जागा दिल्या. पेट्रोल मिळेनासे झाले त्या दिवशी जो नालायक ठरला, तो त्याआधी दोन वर्षे कणखर नेता होता.

या मतदाराची जडणघडणही जुनी आहे. १९५३ मध्ये रेशनच्या तांदळाचा भाव २५ सेंटवरून ७० सेंटवर नेल्यामुळे १२ ऑगस्टला जो हरताळ झाला त्याने पंतप्रधान डडली सेनानायके यांना राजीनामा द्यायला लावले. भाव वाढवला की खुर्ची जाते, हा धडा तिथल्या दोन्ही प्रमुख पक्षांनी गिरवला. ऋण काढून सण करण्याची सवय राजपक्षे यांच्या आधीपासूनची आहे. १९६५ पासून नाणेनिधीचे सोळा कार्यक्रम झाले आणि मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेला तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम सतरावा आहे.

चीनच्या कर्जसापळ्याची कथाही आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेले, शेजारच्या मत्तल विमानतळावर विमाने क्वचित उतरतात, हे सगळे खरे आहे आणि उधळपट्टीची ती स्मारके आहेतच. मात्र बाहेरच्या कर्जात चीनचा वाटा सरकारी उपक्रमांची कर्जे धरूनही एक पंचमांशाच्या आसपास होता. एक तृतीयांशाहून मोठा वाटा होता तो आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या महागड्या रोख्यांचा, जे २००७ पासून एकामागून एक सरकारे काढत आली. ते विकत घेणारे पाश्चात्त्य फंड होते, पण त्यांच्यावर कोणी घोषणा रचत नाही.

सह्यकडा :

विरंगुळा यांच्याशी मी निम्मा सहमत आहे. मतदाराने आश्वासनाला मत दिले हे खरे, पण तिजोरीत नेमके काय आहे आणि डॉलर किती उरले आहेत याची खरी माहिती मतदाराला कोणी दिली होती? गंगाजळीच्या आकड्यात चीनबरोबरच्या चलन-अदलाबदलीच्या कराराचे दीड अब्ज डॉलर धरले जात, जे वापरताच येत नव्हते. आजारी माणसाला वजन वाढले म्हणून सांगायचे आणि त्याने जड बूट घातलेले असावेत, तसा हा प्रकार. उत्तरदायित्व मागताना मी तरी या फसवणुकीला चुकीच्या निर्णयापेक्षा वरचे स्थान देईन.

मात्र माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही. अशी चूक पुन्हा करता येऊ नये म्हणून काही बदलले का? आणि जाता जाता हेही विचारतो, की आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीनंतर 'आता महाराष्ट्राची श्रीलंका होणार' असे जे म्हटले जाते, त्यात तथ्य किती?

ताळेबंद :

महाराष्ट्राविषयीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर छोटे आहे. कोणतेही राज्य नोटा छापत नाही, त्याचे कर्ज रुपयांत असते आणि केंद्राचे देणे बाकी असेपर्यंत संविधानाच्या कलम २९३ नुसार नवे कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. राज्याची तिजोरी बिघडली तर कंत्राटदारांची देयके थकतील, रस्ते रखडतील, भरती थांबेल. पण बंदरात औषधांचे जहाज डॉलरअभावी उभे राहणार नाही. राज्याच्या खर्चावर टीका करायला वाव पुष्कळ आहे, ती त्याच्या स्वतःच्या आकड्यांवरून करावी.

आता तिथे काय बदलले ते. २०२३ च्या नव्या मध्यवर्ती बँक कायद्याने सरकारला पैसा छापून देण्यास मनाई केली आणि अर्थसचिवाला मंडळावरून हटवले. माझ्या मते हा त्या न्यायालयीन निकालापेक्षाही मोठा बदल आहे. २०२४ च्या आणखी एका कायद्याने व्याज वगळता होणाऱ्या सरकारी खर्चाला राष्ट्रीय उत्पन्नाच्या तेरा टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेकडून तात्कालिक हुंड्यांवर, म्हणजे अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांवर, हवे तेव्हा पैसे उचलण्याची प्रथा १९९७ मध्ये बंद झाली, त्याच्याशी याची तुलना करता येईल.

पण हे सारे ज्यांच्या हातून झाले तो इतिहासही विसरता येत नाही. गोटाबाया गेल्यावर संसदेने १३४ मतांनी रनिल विक्रमसिंघे यांना निवडले, तेही राजपक्षे यांच्याच पक्षाच्या पाठिंब्याने, आणि दोनच दिवसांत २२ जुलैच्या पहाटे सैन्याने कोलंबोतल्या गॉल फेस या समुद्रकिनारी मैदानावरचा आंदोलकांचा तळ मोडला. विक्रमसिंघे यांनी अर्थव्यवस्था सावरली हे मान्य, परंतु वीजदर ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६६ टक्क्यांनी वाढले, मूल्यवर्धित कर १८ टक्क्यांवर गेला, आणि मार्च २०२३ मध्ये व्हायच्या स्थानिक निवडणुका पैसे नाहीत म्हणून लांबल्या. त्याचे उत्तर मतदारांनी सप्टेंबर २०२४ मध्ये दिले. २०१९ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास मते मिळवणारे अनुरा कुमार दिसानायके राष्ट्राध्यक्ष झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या आघाडीने तीन जागांवरून १५९ जागांवर झेप घेतली. नमल राजपक्षे यांना अडीच टक्के मते मिळाली. दीड लाखांच्या खर्चापेक्षा हा दंड निश्चितच मोठा आहे. गंमत अशी, की नाणेनिधीच्या कार्यक्रमावर टीका करत आलेल्या दिसानायके यांनाही तोच कार्यक्रम पुढे चालवावा लागत आहे.

कांदेनवमी :

सह्यकडा, आपल्या गाडीचालकाने पत्नीच्या भविष्य निर्वाह निधीविषयी काय सांगितले, ते लिहायचे राहून गेले.

सह्यकडा :

ती कटुनायके येथील कपड्यांच्या कारखान्यात वीस वर्षे शिलाईवर होती. २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाची पुनर्रचना झाली तेव्हा बँकांना त्यातून वगळले आणि भार निवृत्तिवेतन निधींवर आला. त्यांनी आपले सरकारी रोखे नव्या रोख्यांशी बदलून घ्यायचे, ज्यांवर २०२५ पर्यंत बारा आणि त्यानंतर नऊ टक्के व्याज. नाही बदलले तर उत्पन्नावर चौदाऐवजी तीस टक्के कर. निधीने रोखे बदलले. खातेदाराला किमान नऊ टक्के मिळतील अशी हमी आहे, पण ज्या वर्षी महागाई सत्तर टक्क्यांवर गेली त्या वर्षी तिच्या साठलेल्या रकमेचे मोल किती उरले, हे त्याने मला स्टिअरिंगवरचा एक हात उचलून, बोटांची चिमूट करून दाखवले. त्या पैशांतून त्यांना गावी घराचे छप्पर बदलायचे होते. आता ती पुन्हा कामाला जाते.